पुस्तकातल्या घामाचा हिशेब

आपली पोरं वाचत नाहीत, अशी बोंब प्रस्थापितांनी ठोकून ठेवलीय. साफ खोटं. आपली पोरं वाचतात. लोकलच्या दारात लोंबकळत वाचतात, पाळी सुटल्यावर डोळे चुरचुरत असताना वाचतात. पण दोस्तहो, वाचतात कशी, यावर एकदा आपसात बोललं पाहिजे.

पुस्तक हातात आलं की आपण आधी ठिणगी शोधतो. शिवी कुठाय, गर्जना कुठाय, भाषणात फेकायला वाक्य कुठाय. ते पाठ झालं की पुस्तक बाजूला. सदाशिवपेठी समीक्षक त्याच पुस्तकात वेदना शोधतो, ‘दाहक अनुभव’ म्हणून हळहळतो आणि जेवायला बसतो. त्याला आसू पायजेत, आपल्याला अंगार. पुस्तकात जे काम चाललंय ते दोघांनाही दिसत नाही.

मी गोदीतला माणूस. आमच्याकडं माल उतरला की टॅली होते. नग किती आले, किती फुटले, कुणाच्या ताब्यात गेले. अलीकडं वाचलेल्या पुस्तकांना मी हाच सवाल घातला. काम कुणी केलं, हातात काय पडलं, बाकीचं कुणी गिळलं?

अण्णाभाऊ साठ्यांची ‘फकिरा’ १९५९ ची. अर्पण केलीय बाबासाहेबांच्या लेखणीला. फकिराची मर्दुमकी सगळ्यांना तोंडपाठ. घोडदौड जरा जादाच आहे, मान्य. पण फकिरा दुष्काळात लुटतो काय? धान्य. ज्यांनी राबायचं त्यांची पोटं पाठीला लागलेली आणि धान्य वाड्यात कुलूपबंद. आणि ती हजेरी! आपण हजेरी लावतो ती रोजासाठी. मांगांची हजेरी कामाची नव्हती, जन्माची होती. इंग्रज सरकारनं जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या आणि त्यांना गावात डांबलं. माणसाचे हात बांधायचे, मग चोर म्हणायचं. हा कावा अण्णाभाऊंनी कादंबरीत उघडा केला.

बाबुराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३). यातली शीर्षककथा आमच्या लाल झेंड्याच्या दोस्तांनी जरूर वाचावी. कथेतल्या माणसाला गुजरातेत रेल्वेत नोकरी लागते. काम मिळतं, पण राहायला खोली जात लपवल्याशिवाय मिळत नाही. हात चालतात, माणूस चालत नाही. जात उघडी पडल्यावर त्याला तुडवणारेही कष्टकरीच. धावून येतो तो काशिनाथ, त्याच्याच जातीचा, जात न लपवणारा. कामगार एक, ही घोषणा छान. पण पाळी संपल्यावर कोण कुठल्या वस्तीत जातो ते बघा म्हंजे कळेल.

याचं उत्तर बाबासाहेबांनी आधीच देऊन ठेवलंय. ‘जातिप्रथेचं विध्वंसन’ हे भाषण लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलं. मंडळाला मजकूर पचला नाही, परिषदच रद्द केली. बाबासाहेबांनी १९३६ साली ते स्वतः छापलं. जात नुसतं काम वाटत नाही, काम करणाऱ्यांनाच तोडून वरखाली रचते, ही त्यातली मांडणी. गांधींनी ‘हरिजन’मध्ये प्रतिवाद केला, वर ८ आणे किंमत जास्त, २ आणे नाहीतर फार तर ४ आणे ठेवा असंही सुचवलं. आणि झालं काय? १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. जातीवर घाव घालणाऱ्या पुस्तकाला गिऱ्हाईक नाही, ही बोंबही अशीच खोटी.

आता ‘बलुतं’ (१९७८). दया पवारांचे वडील गोदीत कामाला, त्यामुळं हे पुस्तक मला घरातलं वाटतं. कावाखान्यातल्या बाया चिंध्या, कागद, काच, लोखंड वेचून आणतात, निवडतात, विकतात. सगळ्या मुंबईचा कचरा या बायांच्या हातून पुन्हा पैसा होतो. हा हिशेब पवारांनी चोख मांडला. पण एक सवाल उरतोच. नायक संशयापायी बायको सईला सोडतो. तो स्वतःला सोडत नाही, हे खरं. तरी सईची बाजू सईच्या तोंडून कुठाय? आपल्या सगळ्या पुरुषांच्या वहीत हे पान कोरंच.

ते पान बायांनी भरलं. बेबीताई कांबळे यांनी फलटणला दुकान सांभाळत, घरच्यांपासून लपवून ‘जिणं आमुचं’ लिहिलं. ते १९८६ ला पुस्तक म्हणून आलं. गुलामाच्या घरातही गुलाम असतो, हे त्यांनी आपल्याच वस्तीला ऐकवलं. उर्मिला पवारांचं ‘आयदान’ (२००३) घ्या. आयदान म्हंजे बांबूच्या कामट्यांची भांडी, सुपं-टोपल्या. आई ती विणून पोरं जगवते. कोकणातल्या बाया डोक्यावर ओझी घेऊन डोंगर उतरून रत्नागिरीच्या बाजाराला जातात. आम्ही धक्क्यावर ओझं उचलतो म्हणून छाती काढतो. त्या बायांनी कधी काढली? आणि मीनाक्षी मून व उर्मिला पवार यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) तर शाखेशाखेत असावं. चळवळीतल्या बायांना गाठून, बोलतं करून लिहिलेलं. १९४२ च्या नागपूरच्या दलित महिला परिषदेत गिरणी, बिडी, नगरपालिका, रेल्वेतल्या बायांसाठी हक्काची रजा मागितली होती. आपल्यातल्या किती भाषणबहाद्दरांना हे ठाऊक आहे?

या पुस्तकांतून अंगार वगळा असं मी म्हणत नाही. पण नुसता अंगार हातात राहत नाही, हिशेब राहतो. हिशेब ठाऊक असलेला माणूस मालकापुढं वेगळा उभा राहतो, आणि घरात बायकोपुढंही.

आज माल कंटेनरात बंद आणि माणूस कंत्राटात बंद. २०१३ चा कायदा असूनही गटारात उतरून आपलीच माणसं मरतात. पाठीवर पेटी बांधून पोरं जिने चढतायत, रोज कापून हातात काय पडतं ते त्यांनाच ठाऊक. यांची टॅली कोण लिहिणार? समीक्षक येणार नाही. वाचणाऱ्या पोरापोरींनो, वही काढा. आज किती तास राबलात, किती मिळालं, कुणी कापलं, घरात कोण फुकट राबलं, एवढं रोज लिहा. आपलं पुढचं पुस्तक तिथून येईल.