खलाशांच्या खोलीची मच्छरजाळी बोटीच्या खर्चात धरा



बंदीचे 61 दिवस 31 जुलैला संपतात. सध्या जेटीवर जिकडे बघावे तिकडे जाळी पसरलेली आहेत, शिवणकाम चालू आहे. जाळ्याचा आस किती, दोरा किती जाडीचा, यावर आपल्याकडे चहा थंड होईपर्यंत वाद चालतात. पण तोच माणूस खिडकीसाठी मच्छरजाळी आणायला गेला की दुकानदार देईल ती गुंडाळून घेऊन येतो. विचारतो काय, तर रंग! आणि खलाशांच्या खोलीला तर बहुतेक ठिकाणी तीही नसते.

आमचे म्हणणे सरळ आहे. खलाशी जिथे झोपतात त्या खोलीची आणि केबिनची जाळी हा डिझेल-बर्फासारखाच बोटीचा खर्च आहे. तो हंगामाच्या हिशेबात धरावा. खलाशाच्या पगारातून किंवा वाट्यातून कापू नये.

यावर लगेच उत्तर येते, "मच्छरदाण्या दिल्यात की!" दिल्या असतील तर चांगलेच, त्या काढू नका. गोव्यात मलेरिया पसरवणारा मुख्य डास अ‍ॅनोफिलिस स्टीफन्सी. तो रात्री चावतो, तिथे मच्छरदाणी उपयोगी पडते. पण डेंग्यूचा एडिस डास दिवसा चावतो, सकाळी आणि सांज व्हायच्या आधी जास्त. आता आपला खलाशी कधी झोपतो ते बघा. रात्रभर समुद्रात, पहाटे मासळी उतरवायची, आणि उन्हे वर आल्यावर अंग टाकायचे. म्हणजे नेमका एडिसच्या वेळेला तो गाढ झोपलेला. एका खोलीत आठ-दहा जण असले की प्रत्येकाची मच्छरदाणी बांधायला खिळाही पुरत नाही. अशा खोलीत दार-खिडकीची जाळीच कामाला येते, कारण ती माणसागणिक नाही, खोलीगणिक लागते.

दुसरी गोष्ट. ऑगस्टमध्ये ओडिशा, झारखंड, छत्तीसगडकडून गडी परत येतात. त्यातल्या एखाद्याच्या रक्तात गावाकडचा मलेरिया असू शकतो. त्याला दोष देऊन काय उपयोग? इथला डास त्याला चावतो आणि मग आपल्या घरातल्या पोराला. रक्ततपासणी व्हायलाच हवी, पण अहवाल येईपर्यंत त्या खोलीतला माणूस आणि बाहेरचा डास यांच्यामध्ये काहीतरी असले पाहिजे. 2024 मध्ये कुटबण जेटीवर कॉलऱ्याची साथ आली. तो पाण्याचा प्रश्न होता, जाळीचा नव्हे. पण खलाशी कसे राहतात ते तेव्हा सगळ्या गोव्याने वाचले.

असो. जाळीकडे वळू.

मासेमारीत आस मोठा ठेवायचा, म्हणजे पिल्ले निसटतात. इथे उलट. दुकानात इंचपट्टी घेऊन जा आणि एका इंचात भोके मोजा, उभी आणि आडवी. 18 बाय 16 ही नेहमीची डासांची जाळी. तिचे भोक साधारण 1.1 ते 1.3 मिलिमीटर पडते, डास आत येत नाही आणि वाराही खेळतो. खारफुटीच्या कडेला राहणाऱ्यांना चिलटांचा त्रास असतो, ती या जाळीतून सहज घुसतात. त्यांनी 20 बाय 20 घ्यावी, पण फक्त खाडीकडच्या खिडकीला. सगळीकडे बारीक जाळी लावली तर मे महिन्यात खोलीची भट्टी होते, आणि मग गडी दार सताड उघडे टाकून झोपतो. तो तरी काय करणार? जुने मासेमारीचे जाळे खिडकीला ठोकलेलेही आम्ही पाहतो. त्याने कावळा आणि मांजर थांबते, बस्स.

खरा घात होतो तो मालात. जस्त चढवलेली लोखंडी जाळी स्वस्त, पण जेटीजवळच्या खाऱ्या हवेत ती लवकर तांबडी पडते. चुंबकाला घट्ट चिकटली तर समजा तीच. अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी पूड धरते आणि बोट लावले की भोक पडते. स्टेनलेसमध्ये 304 आणि 316 असे दोन प्रकार. 316 मध्ये मॉलिब्डेनम असते, त्यामुळे ती मिठाला जास्त टिकते; 304 वर तपकिरी डाग येतात. चुंबकाने या दोन्हीतला फरक कळत नाही, म्हणून बिलावर नंबर लिहून घ्या. आमच्या मते खलाशांच्या खोलीला पीव्हीसीचा लेप असलेली फायबर ग्लासची जाळी पुरे. गंजत नाही, परवडते, बदलायलाही सोपी. फक्त उंदीर-मांजर ती फाडतात, तेव्हा दाराच्या खालच्या अर्ध्या भागाला स्टेनलेस लावा. वेल्क्रोने चिकटवायची जाळी भाड्याच्या घराला ठीक, पण पावसाळ्यात गोंद सुटतो आणि कोपरा लोंबू लागतो.

अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीत स्टीलची जाळी बसवताना मध्ये रबर हवेच. दोन धातू एकमेकांना लागले आणि वर खारे पाणी आले की अ‍ॅल्युमिनियम खाल्ले जाते. बोटीच्या तळाला झिंकची वडी का लावतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

चौकट आतून सहज उघडेल अशी ठेवा. खोलीत गॅस असतो, आग लागली तर खिडकीतून बाहेर पडता आले पाहिजे. दाराला स्प्रिंग लावा, कारण दोन्ही हातांत टोपली घेऊन येणारा माणूस मागे वळून दार लावत नाही. दाराखालच्या फटीला रबराची पट्टी मारा. आणि संडास-मोरीचा झरोका विसरू नका, सगळ्या खिडक्या बंद करून तो उघडा ठेवणारे खूप आहेत.

देखभाल म्हणजे मुख्यतः मीठ धुणे. महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने, मऊ ब्रशने, थोडा साबण घेऊन. तारेचा ब्रश नको, अ‍ॅसिड नको. ब्लीचिंगचे पाणी स्टेनलेसवर मारू नका, त्याने तीही खराब होते. फाटली तर त्याच जाळीचा तुकडा लावून नायलॉनच्या दोऱ्याने शिवा. एवढे मोठे जाळे शिवणाऱ्या हाताला वीतभर तुकडा काय जड आहे? तरी फाटक्या जाळीत कापडाचा बोळा कोंबलेला दिसतो, ते बघून हसावे की रडावे कळत नाही.

जाळी लावली म्हणून बाहेर डास पैदा करायला मोकळीक मिळत नाही. बोटीला बांधायचे टायर पाहा, प्रत्येकात पावसाचे पाणी. टायरला तळाशी दोन भोके पाडा. वर ओढलेल्या होड्यांतले, पिंपांतले, क्रेटमधले पाणी आठवड्याला ओता. टाकीचे झाकण घट्ट हवे, तिच्या जादा पाण्याच्या पाइपाला जाळी हवी. सेप्टिक टँकच्या हवेच्या नळीच्या तोंडाला जाळीचा तुकडा बांधा. खिडकीच्या कापातून उरलेला तुकडा त्याला पुरतो.

ज्या मालकांना एकत्र खरेदी करायची आहे त्यांनी खोली आणि केबिनची मापे या पोस्टखाली द्यावीत किंवा सोसायटीच्या कार्यालयात लिहून द्यावीत. माप चौकटीच्या आतून घ्या, रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीनदा. जुन्या घरांच्या चौकटी काटकोनात नसतात. जाळी मापापेक्षा चारही बाजूंनी दोन-दोन इंच जास्त लागते, तेवढी धरून कळवा.