विश्लेषण : गोराई-मनोरी-मढला होडीने जाणे सोपे, तरी गर्दी मोटारींचीच का?

बोरिवलीच्या जेट्टीवरून गोराईला होडी दहा-पंधरा मिनिटांत पोहोचते. तोच प्रवास मोटारीने करायचा तर दहिसर, मीरा रोड, भाईंदर आणि उत्तन असा २५ ते ३० किलोमीटरचा वळसा पडतो. तरीही सुट्टीच्या दिवशी किनाऱ्याकडे जाणाऱ्या गावांतल्या अरुंद रस्त्यांवर मोटारींची रांग लागते. जवळचा, स्वस्त आणि कमी प्रदूषणाचा मार्ग हाताशी असताना असे का होते?

हे किनारे रस्त्याने इतके दूर का?

गोराई, मनोरी आणि उत्तन ही गावे धारावी बेटावर आहेत. (झोपडपट्टीमुळे ओळखली जाणारी धारावी वेगळी.) गोराई आणि मनोरी मुंबई महापालिकेच्या हद्दीत येतात, पण मधल्या खाडीमुळे तिथे रस्त्याने जायचे झाल्यास ठाणे जिल्ह्यातल्या मीरा-भाईंदरमधून जावे लागते. वर्सोवा आणि मढ यांचेही तसेच. होडीने काही मिनिटांचे अंतर मालाडमार्गे रस्त्याने २० किलोमीटरच्या पुढे जाते. बोरिवली-गोराई, मार्वे-मनोरी आणि वर्सोवा-मढ या तीन होडीसेवा म्हणूनच टिकून आहेत. पर्यटक त्या सुट्टीला वापरतात. विद्यार्थी, नोकरदार आणि मासळी विकणाऱ्या बायकांना मात्र त्या रोज लागतात.

मग अडचण कुठे आहे?

होडीच्या आधी आणि नंतर. मुलुंडच्या एखाद्या कुटुंबाला मढला जायचे आहे असे धरू. लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने वर्सोवा. ही मेट्रो २०१४ पासून सुरू आहे आणि तिने पूर्व उपनगरांना किनाऱ्याच्या जवळ आणून सोडले. पण वर्सोवा मेट्रो स्थानक ते होडीचा धक्का हे अंतर आणखी दोन-तीन किलोमीटर. म्हणजे रिक्षा. मग होडी आणि पलीकडे पुन्हा बस किंवा रिक्षा. एका बाजूला पाच वाहने आणि प्रत्येकाचे भाडे वेगळे. सोबत आजी किंवा लहान मूल असेल, तर ओहोटीच्या वेळी होडीत चढणे-उतरणे हीच कसरत होते. परतीची शेवटची होडी चुकली तर लांबचा वळसा आहेच. पावसाळ्यात होडीसेवेवर निर्बंध येतात ते वेगळे. ज्याला परवडते तो मोटार काढतो. ज्याला परवडत नाही तो जुहू चौपाटीवर समाधान मानतो.

यामागे कारभाराचीही बाजू आहे. जलवाहतूक महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाच्या अखत्यारीत, बस बेस्टची, भाईंदरकडची बस मीरा-भाईंदर पालिकेची आणि मेट्रोची व्यवस्था आणखी वेगळी. प्रत्येक जण आपापला टप्पा पाहतो. घरापासून किनाऱ्यापर्यंतच्या सबंध प्रवासाची जबाबदारी कोणाकडेच नाही.

पूल आणि सागरी मार्ग झाल्यावर प्रश्न सुटेल?

वर्सोवा-मढ पूल आणि वर्सोवा ते भाईंदर सागरी किनारा मार्ग असे दोन मोठे प्रकल्प पालिकेने हाती घेतले आहेत. त्यांचा स्थानिकांना फायदा आहे. रात्री रुग्णाला हलवायचे असेल तर होडीची वाट पाहता येत नाही, आणि पुलावरून बसही जाऊ शकते. मात्र किंमतही मोठी आहे. सागरी मार्गासाठी ४५ हजारांहून अधिक तिवरे तोडण्यास मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२५ मध्ये परवानगी दिली. हीच तिवरे भरतीचे पाणी अडवतात आणि त्यांच्या मुळांशी मासळी वाढते. शिवाय पूल मोटारींना गावाच्या वेशीपर्यंत आणतो. गावातले रस्ते रुंद करत नाही. आज वळशामुळे घरी थांबणारा मोटारवालाही उद्या निघेल, आणि त्याची गाडी उभी करायला जागा किनाऱ्यावरच शोधली जाईल.

इतरत्र काय झाले?

कोचीमध्ये एप्रिल २०२३ मध्ये वॉटर मेट्रो सुरू झाली. बॅटरीवर चालणाऱ्या बोटी, ठरलेले वेळापत्रक आणि मेट्रोचेच कार्ड बोटीलाही. तिथले धक्के तरंगते आहेत; पाणी चढो वा उतरो, बोट आणि धक्का एका पातळीवर राहतात, त्यामुळे चाकाची खुर्चीही आत जाते. आपल्याकडे फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई-भाईंदर रो-रो सेवा सुरू झाली. पस्तीसेक किलोमीटरचा वळसा तिने पंधरा मिनिटांवर आणला. मात्र रो-रो गाडीलाही सोबत नेते. अंतर वाचते, पण पलीकडच्या गावातली कोंडी त्याने कमी होत नाही.

उपनगरांत काय करता येईल?

मोठ्या बांधकामाची वाट न पाहता होण्यासारखी कामे बरीच आहेत. तिन्ही ठिकाणी तरंगते धक्के; होडीच्या वेळेला जुळणारी बेस्टची बस, बोरिवली आणि मालाड स्थानकांपासून तसेच वर्सोवा मेट्रोपासून; पलीकडच्या धक्क्यापासून किनाऱ्यापर्यंत छोटी विजेवरची बस; आणि या सगळ्याला एकच तिकीट. शेवटची होडी किती वाजता, हे स्थानकावरच ठळक लिहिलेले असले तरी बराच फरक पडेल. सुट्टीच्या दिवशी गावाबाहेर गाडीतळ आणि तिथून पुढे बस, हा नियमही त्यासोबत लागू करता येईल.

यातला पहिला फायदा गोराई, मनोरी आणि मढच्या रहिवाशांचा आहे, कारण पर्यटक आठवड्यातून एकदा येतो आणि ते वर्षभर खाडी ओलांडतात. पूल आणि सागरी मार्ग पूर्ण व्हायला काही वर्षे लागतील. तोवर होडीचा प्रवास सोयीचा झाला, तर पूल झाल्यावरही लोक ती सोडणार नाहीत. ती आताच रोडावली, तर पुढे मोटारीवाचून पर्याय उरणार नाही.