हाताशेजारी विहीर

मागच्या अंकातल्या सूत्रांपैकी सर्वांत जास्त भांडण लावले ते तिसऱ्याने. सूत्र असे होते: "हाताशेजारी विहीर, प्रीतिसंगमावर (३)". कराडच्याच एका वाचक भगिनींनी लिहिले आहे, "आपा, प्रीतिसंगमावर आम्ही दर रविवारी मुलांना घेऊन जातो. तिथे कृष्णा आहे, कोयना आहे, भेळवाले आहेत. विहीर कुठेच नाही." अगदी खरे आहे. आणि या कोड्यात पहिली गोष्ट शिकायची ती हीच, की सूत्र जे चित्र डोळ्यांसमोर उभे करते त्यावर विश्वास ठेवायचा नाही. चित्र हा पडदा आहे. शब्द बघायचे.

हात म्हणजे कर. विहिरीला आपल्याकडे दुसरा शब्द आड. कर आणि आड शेजारी शेजारी ठेवा: कराड. उरला "प्रीतिसंगमावर", तो सरळ अर्थ. कंसातला आकडा अक्षरांचा. रोजच्या वर्तमानपत्रातल्या शब्दकोड्यात "विहीर (२)" असे असते आणि आपण "आड" लिहून मोकळे होतो. तिथे एकच वाट असते. गूढ शब्दकोड्यात, ज्याला इंग्रजीवाले क्रिप्टिक म्हणतात, प्रत्येक सूत्राला दोन वाटा असतात. एका टोकाला उत्तराचा साधा अर्थ, उरलेल्या भागात त्या शब्दाची जुळणी. दोन्ही वाटा एकाच घरी पोहोचल्या तरच उत्तर बरोबर. म्हणून नवख्याला ते अवघड वाटते, पण खरे तर ते जास्त प्रामाणिक आहे. उत्तर सापडले की कोणाला विचारावे लागत नाही, ते स्वतःच सांगते की मी बरोबर आहे.

बाकीची उत्तरे भराभर देते. "पहिल्या सुराला चांदणी भेटली अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी (३)": सा आणि तारा, सातारा. माझे माहेर. "बोल म्हटले तर लीला अर्धीच आली, कृष्णाकाठचे शहर (३)": बोल म्हणजे सांग, अर्धी लीला म्हणजे ली, सांगली. माझे सासर. "दवाईत लपले विश्वकोशाचे गाव (२)" हे लपाछपीचे सूत्र. जुळणी काहीच करायची नाही, फक्त बोट ठेवून वाचायचे: द-वाई-त. मराठी विश्वकोशाचे काम जिथून चालत आले ते वाई. "भट्टीतून आल्या आणि खानापूर तालुक्यात जाऊन बसल्या (२)" म्हणजे विटा. इथे एकाच शब्दाचे दोन सरळ अर्थ जोडले आहेत. "अजून काहीच न लिहिलेले गाव (४)" म्हणजे कोरेगाव, हे बहुतेकांना जमले. यात जुळणी आणि अर्थ एकमेकांत मिसळलेले आहेत. असली सूत्रे मी क्वचितच देते, कारण ती हसवतात पण शिकवत काही नाहीत.

सर्वांत चांगले पत्र आले ते "पलटणीतला पहिला शिपाई बदलला, निंबाळकरांचे संस्थान झाले (४)" यावर. उत्तर फलटण: पलटणमधला प गेला, फ आला. पण मिरजेच्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांनी हरकत घेतली. त्यांचे म्हणणे, उर्दूत लिहाल तर पहिला शिपाई बदलत नाही, त्याच्या शेजारी एक नवा येऊन उभा राहतो. उर्दूत "फ" हा "पे" आणि "दोचश्मी हे" मिळून होतो. देवनागरीत अक्षर बदलते, उर्दूत एक हर्फ वाढतो. तेच गाव, तोच शब्द, पण सूत्र दोन लिप्यांत दोन प्रकारचे. मला ही हरकत फार आवडली. आपल्या घरांतून दोन्ही लिप्या चालतात, त्याचा असा फायदा दुसऱ्या कोणाला मिळत नाही. आणखी एक उदाहरण घ्या. "मार" हा शब्द उलटा वाचा. देवनागरीत मा आणि र ही दोन अक्षरे उलटली की "रमा" होते. उर्दूत मीम, अलिफ, रे हे तीन हर्फ उलटले की रे, अलिफ, मीम: "राम". काना हा देवनागरीत अक्षराला चिकटलेला असतो, उर्दूत अलिफ स्वतंत्र उभा असतो. सहावीतल्या मुलाला मात्रा आणि हर्फ यांतला फरक व्याकरणाच्या तासाला समजावताना मला आठवडा लागतो. या एका "मार"ने तो पाच मिनिटांत कळतो.

काहींनी विचारले, हा खेळ इंग्रजांचा, आपण तो का खेळायचा? चौकट परकी आहे, हे कबूल. २१ डिसेंबर १९१३ रोजी आर्थर विन यांनी न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात पहिले शब्दकोडे छापले, ते साध्या अर्थांचेच होते. गूढ सूत्रांची रीत पुढे इंग्लंडात रुजली. ती रुजवणाऱ्यांत पॉविस मॅथर्स हे आघाडीवर. १९२६ पासून ते "ऑब्झर्व्हर"मध्ये अशी कोडी घालत. आणि हे मॅथर्स कोण? फ्रेंचवरून अलिफ लैला इंग्रजीत आणणारे. म्हणजे बगदादच्या कहाण्यांत वर्षानुवर्षे बुडालेला माणूस.

बगदादचे नाव निघालेच आहे तर सांगते. उर्दूत कोड्याला आपण मुअम्मा म्हणतो. या शब्दाच्या मुळाशी अंधत्वाचा अर्थ आहे: ज्याच्यावर पडदा टाकला, जे दिसेनासे केले, ते. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-किंदी यांनी गुप्त लिपी उलगडण्यावर जो ग्रंथ लिहिला त्याच्या नावातच हा शब्द आहे: "रिसाला फी इस्तिख्राजिल मुअम्मा". कोणते अक्षर किती वेळा येते ते मोजा आणि त्यावरून सांकेतिक मजकूर फोडा, ही युक्ती त्यांची. पुढे फारसी कवींनी शेरामध्ये माणसाचे नाव लपवण्याला मुअम्मा म्हटले. अबजद तर आपल्या दारावरच असते. ७८६ ही काय आहे, बेरीजच ना? कलम या शब्दाची बेरीज १७० (काफचे १००, लामचे ३०, मीमचे ४०). जुन्या मशिदींवर, कबरींवर असे शब्द कोरलेले असतात ज्यांची बेरीज केली की साल निघते. आणि पान सडले, घोडा अडला, भाकरी करपली या तिन्हींचे एकच कारण विचारणारे कोडे आपल्याकडच्या आज्या अजून घालतात; अमीर खुसरोंच्या नावावर चालणाऱ्या दोसुखन्यांत त्याचे सख्खे भावंड आहे. तेव्हा चौकट बाहेरची, आतला खेळ घरचाच.

आता त्या पत्राकडे, ज्यामुळे हा महिना मी जरा अस्वस्थ होते. सातारा जिल्ह्यातल्या एका आईने लिहिले आहे. नाव-गाव देत नाही. त्यांचा कॉलेजात जाणारा मुलगा फोनवर शब्दांच्या स्पर्धा खेळत होता. प्रवेशाला थोडे पैसे, जिंकलात तर जास्त. आईने टोकले तर म्हणाला, "अम्मी, तुझ्या मासिकात आपा कोडी घालतात ते चालते, मग माझे का नाही? हे पण डोक्याचेच काम आहे." त्या विचारतात, यात फरक काय आहे ते मला त्याला सांगता येईल असे लिहा.

फरक आहे, आणि तो आमच्या घरात शिकलेला आहे. स्वातंत्र्यानंतरच्या दहा वर्षांत बक्षिसाच्या मुअम्म्यांची लाटच होती. साताऱ्यात माझे दादा एका साप्ताहिकाचा मुअम्मा भरत. साप्ताहिकाचे नाव इथे महत्त्वाचे नाही, तसली बरीच होती. त्यातले सूत्र कसे असे, ते मी माझ्याच उदाहरणाने सांगते: "घरात हे नसेल तर सुख नाही: _न". आता लिहा, धन की मन? दोन्ही बसतात. दोन्हींच्या बाजूने तासभर बोलता येते. पण उत्तर आधीच लिफाफ्यात बंद आहे आणि लिफाफ्यात काय आहे हे अक्कल चालवून कळणार नाही. मग माणूस काय करतो? एक कुपन "धन"चे भरतो, एक "मन"चे. अशा दुहेरी जागा दहा असतील तर सर्व शक्यता भरायला किती कुपने लागतील? दोनाचा दहावा घात, १,०२४. प्रत्येक कुपनाला पैसे. दादांनी काही १,०२४ भरली नाहीत, पण घराच्या पत्र्यांसाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यात गेले आणि दोन पावसाळे घर गळत राहिले. दादी ही गोष्ट न रागावता सांगायची. तिचे वाक्य आमच्या घरात म्हणीसारखे झाले: "अल्फाज सही थे, लिफाफा दुसरा निकला."

हा प्रश्न एकट्या आमच्या घराचा नव्हता. मुंबई राज्याने १९४८ मध्ये लॉटरी आणि बक्षीस स्पर्धांवर नियंत्रण व कर बसवणारा कायदा केला. बंगळूरहून निघणाऱ्या "स्पोर्टिंग स्टार" साप्ताहिकातली शब्दकोडी मुंबई राज्यातही भरली जात. त्या स्पर्धांचे चालक चमारबागवाला यांचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ९ एप्रिल १९५७ चा निकाल सांगतो, की जुगार हा व्यापार नव्हे, त्यामुळे व्यापाराच्या स्वातंत्र्याचे संरक्षण त्याला मिळत नाही. सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांनी त्यात ऋग्वेदापासूनचे जुगारविरोधी दाखले दिले. त्याआधी १९५५ मध्ये केंद्राचा कायदा आला होता: बक्षिसांची रक्कम महिन्याला १,००० रुपयांपेक्षा जास्त नको, एका स्पर्धेत २,००० पेक्षा जास्त प्रवेशिका नकोत. ज्या स्पर्धेत यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून आहे तिला हा कायदा लागू नाही, असे न्यायालयाने त्याच दिवशीच्या दुसऱ्या निकालात म्हटले. म्हणजे प्रश्न "कोडे की जुगार" असा नव्हता. उत्तर अकलेने निघते की लिफाफ्यातून, असा होता.

त्या मुलाला मात्र एवढे पुरणार नाही. तो म्हणेल, माझ्या स्पर्धेत कौशल्य आहे. असेल. तरी जिंकणाऱ्याला मिळणारा पैसा हरणाऱ्यांच्याच खिशातून येतो, हे त्याने स्वतः बसून मांडून पाहावे. सूरह बकराच्या २१९ व्या आणि सूरह माइदाच्या ९० व्या आयतीत मैसिरबद्दल काय म्हटले आहे ते आपण सारे जाणतो; त्याच्या खेळाला ते नेमके कसे लागू होते हे मोहल्ल्यातल्या जाणत्या आलिमांना विचारा, तो अधिकार माझा नाही. आणि देशाचा कायदाही आता पुढे गेला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा. माझ्या या पानावर प्रवेश फी नाही, बक्षीस नाही, लिफाफा नाही. पेन्सिल लागते, ती पण खोडरबरवाली. एक विनंती त्या भगिनींना: त्याला नुसते रागावू नका. ज्याला शब्दांचा नाद आहे त्याचा नाद तोडायचा नसतो, त्याला सूत्रे लिहायला बसवायचे असते.

ते काय करू शकते, हे मी वर्गात पाहते. आमच्या उर्दू हायस्कूलात मराठीचा तास म्हणजे निम्म्या वर्गाला ताप. घरी दखनी, शाळेत उर्दू, बाजारात मराठी, पण वहीवर मराठी आली की हात थांबतो. नववीतली एक मुलगी वर्षभर माझ्या तासाला एक वाक्य बोलली नव्हती. शेवटच्या बाकावर, ओढणीचे टोक चावत. गावांची सूत्रे करून आणा म्हटल्यावर तिने एक चिठ्ठी माझ्या टेबलावर ठेवली आणि न बोलता परत गेली: "जर मी उलटले तर सतारीच्या तारा जुळतात (३)". मिरज! सतारमेकरांचे मिरज. मी ते फळ्यावर लिहिले आणि वर्गात रण माजले. पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीने हात वर केला: टीचर, "मी" दीर्घ आहे, मिरजेतला "मि" ऱ्हस्व, चालणार नाही. शेवटच्या बाकावरून उत्तर आले, मराठीत, मोठ्याने: "उर्दूत जेर आणि येमध्ये फरक करतात, मराठीत कोड्याला एवढे कशाला बघायचे?" दोघींचे दहा मिनिटे चालले. व्याकरणाच्या बाजूने पाहिले तर पहिलीचे खरे. पण निकाल मी दुसरीच्या बाजूने दिला आणि या पानाचाही तोच नियम राहील: ऱ्हस्व-दीर्घाची सूट, बाकी कशाची नाही. तिचे लिंगाचे घोळ अजून होतात, "माझा किताब" सुटलेले नाही. पण वही आता भरते.

या महिन्याची सूत्रे. "साठ मिनिटांची वस्ती, बेदाण्यासाठी नावाजलेली (४)". "विरजलेले आणि थापलेले एकत्र आले माण तालुक्यात (४)". "रस्त्याच्या मधोमध नाही, तरी मोहर्रमला उंच ताबूत बघायला सगळे इथेच (४)". चौथे त्याच मुलीचे आहे, मी फक्त शुद्धलेखन पाहिले: "माज नको म्हणते, दिवसातून पाचदा (३)". हे शेवटचे कोणी चुकवले तर मात्र मी त्यांच्या अम्मीला पत्र लिहीन. उत्तरांसोबत उकल लिहायला विसरू नका; नुसत्या उत्तराला अर्धेच गुण. आणि लिपी कोणतीही चालेल, दोन्ही मला वाचता येतात.