संगणकावरील हिशेब आणि आमचे विद्यार्थी

हिशेब म्हटला की कित्येक विद्यार्थ्यांच्या कपाळास आठ्या पडतात. परंतु तोच हिशेब संगणकाच्या पडद्यावर करावयाचा म्हटला म्हणजे त्यांची मुद्रा खुलते. यात नवल नाही. रकान्यांचा रुंद कागद मांडून जमाखर्च लिहावा आणि एक आकडा बदलला की सारी बेरीज खोडून पुन्हा करावी, हा हिशेबनिसांचा जुना जाच १९७९ साली डॅन ब्रिक्लिन व बॉब फ्रँकस्टन या दोन अमेरिकन गृहस्थांनी ‘व्हिसिकॅल्क’ नावाचा प्रोग्रॅम बाजारात आणून पुष्कळसा दूर केला. आज एक्सेलच्या तक्त्यात एका घरातील आकडा बदलला की त्यावर अवलंबून असणारी सर्व घरे आपोआप बदलतात. ही सोय लहान नव्हे, आणि ती मुलांस शाळेत शिकविली जाते याचा आम्हांस संतोषच आहे. आमचा आक्षेप आहे तो शिकविण्याच्या क्रमावर. सूत्राचे नाव आधी पाठ होते. ते सूत्र काय करते, हे पुष्कळदा नंतरही कळत नाही.

गेल्या वर्षी नववीतील एक विद्यार्थी वही घेऊन आमच्याकडे आला. त्याच्या वडिलांनी एक लाख रुपये कर्ज काढून दुचाकी घेतली होती. मुदत बारा महिने. व्याज, दुकानात सांगितल्याप्रमाणे, दरसाल दरशेकडा १२. आणि हप्ता ९,३३३ रुपये. मुलाने वर्गात शिकलेले ‘पीएमटी’ हे हप्त्याचे सूत्र मांडले. वार्षिक दरास बाराने भागून महिन्याचा दर शेकडा १ घेतला, हप्त्यांची संख्या १२ व मुद्दल एक लाख भरले. तो उत्तर आले ८,८८५. त्याने भीतभीत विचारले, “सर, संगणक चुकला असेल काय?”

आम्ही पडदा बंद करविला व त्यास कागद घेण्यास सांगितले. पहिल्या महिन्याचे व्याज हजार रुपये. ८,८८५ च्या हप्त्यातून ते वजा जाता ७,८८५ रुपये मुद्दल फिटले, राहिले ९२,११५. दुसऱ्या महिन्याचे व्याज या उरलेल्या रकमेवर, म्हणजे ९२१ रुपये. याप्रमाणे बारा ओळी लिहून झाल्या तेव्हा मुद्दल शून्यावर आले आणि व्याजाची एकूण बेरीज सुमारे ६,६१९ भरली. दुकानाने मात्र पूर्ण एक लाखावर पूर्ण वर्षाचे १२,००० रुपये व्याज धरून, ते मुद्दलात मिळवून, बाराने भागले होते. यास व्यापारात ‘फ्लॅट’ दर म्हणतात. निम्मे मुद्दल परत गेले तरी व्याज सगळ्याच मुद्दलावर चालू! मग त्याच तक्त्यात आम्ही ‘रेट’ हे सूत्र उलट बाजूने लाविले: हप्ता ९,३३३ असेल तर खरा दर कोणता? महिन्यास शेकडा १.७९ च्या आसपास, म्हणजे वर्षास सुमारे साडेएकवीस. संगणक चुकला नव्हता, दुकानदारानेही आकडा खोटा सांगितला नव्हता. ‘बारा टक्के’ या शब्दांचे दोन अर्थ होते, आणि घेणाऱ्यास एकच ठाऊक होता. रिझर्व्ह बँकेने २०२४ साली अशा कर्जांचा खरा वार्षिक दर कर्जदारास लेखी कळविण्याचे बंधन बँका व वित्तसंस्थांवर घातले आहे. पालकांनी तो कागद मागून घ्यावा व सही करण्यापूर्वी वाचावा. तोंडी सांगितलेल्या आकड्याचा हिशेब कोठेही होत नाही.

बेरीज व सरासरी ही सूत्रे सोपी म्हणून त्यांच्याकडे कोणी लक्ष देत नाही. परंतु मोठमोठे पंडित तेथेच अडखळतात. राइनहार्ट व रोगॉफ या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०१० साली असे मांडले की राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेकडा ९० हून अधिक सरकारी कर्ज असलेल्या देशांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्का असते. काटकसरीच्या राजकारणात या लेखाचा हवाला पुष्कळ दिला गेला. २०१३ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने त्यांचा मूळ तक्ता मागवून तपासला, तेव्हा सरासरीच्या सूत्रातून ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा व डेन्मार्क हे पाच देश सुटले असल्याचे दिसले. सूत्र ४९ व्या ओळीपर्यंत न्यावयाचे, ते ४४ व्या ओळीवर थांबले होते. काही वर्षांची माहिती वगळणे व देशांस भार देण्याची पद्धत हे दोष याहून मोठे होते, हे न्यायास धरून सांगितले पाहिजे. सर्व दुरुस्त करता त्याच्या हिशेबाने वाढ २.२ टक्के आली. पण घरे मोजण्याची ती चूक आमच्या आठवीच्या मुलालाही सापडली असती, जर कोणी त्यास मोजावयास सांगितले असते तर.

आणखी एका सूत्राची ओळख मुलांस असावी असे आम्हांस वाटते. समजा, पिठाच्या गिरणीत आज ५०,००० रुपये घातले आणि पुढील तीन वर्षे दरवर्षअखेर २०,००० सुटले. साध्या बेरजेने दहा हजारांचा नफा दिसतो. परंतु तेच पैसे अन्यत्र दरसाल दरशेकडा १० ने वाढणार असतील, तर ‘एनपीव्ही’ हे सूत्र त्या तीन रकमांची आजची किंमत ४९,७३७ सांगते. म्हणजे २६३ रुपयांची खोटच. येथे आजचे पन्नास हजार सूत्राच्या बाहेर ठेवून वजा करावे लागतात, कारण आत लिहिलेली पहिली रक्कम हे सूत्र वर्षअखेरची समजते. पुस्तकांतून ही गोष्ट एका ओळीत उरकलेली असते.

तेव्हा आमची सूचना अशी की प्रत्येक सूत्राचे एक उदाहरण मुलाने प्रथम कागदावर सोडवावे, मगच पडद्यास हात लावावा. आणि उदाहरणे घरचीच असावी. पालकांनी नावे झाकून आपल्या कर्जांचे कागद मुलांजवळ द्यावे. यात संकोच वाटेल हे आम्ही जाणतो. कर्जाची गोष्ट मुलांपुढे न काढण्याची आपली रीतच आहे.

त्या विद्यार्थ्याच्या वडिलांचे तोवर सात हप्ते भरून झाले होते. उरलेल्या पाचांची बेरीज ४६,६६७. उरलेले कर्ज आजच फेडल्यास काय द्यावे लागेल, हे त्याने साडेएकवीसच्या दराने काढले, तेव्हा ४४,००० च्या थोडी वर रक्कम आली. तो कागद खिशात घालून वडील दुसऱ्या दिवशी विचारावयास गेले.