कर्नेलची वर्दी

शहाड स्थानकाजवळच्या एखाद्या झेरॉक्सच्या दुकानात गिऱ्हाइकाने पुढे केलेला पेनड्राइव्ह लिनक्सवर चालणाऱ्या संगणकात खोचला, की पडद्यावर त्याचे चिन्ह उमटेपर्यंतच्या अल्पावधीत केवढा दफ्तरी व्यवहार उरकला जातो, याची कल्पना कल्याणची गाडी गाठण्याच्या घाईत असलेल्या त्या गृहस्थास बहुधा नसते. यंत्रसामग्रीवर अनिर्बंध हुकमत असलेला कर्नेल ‘अमुक उपकरण दाखल झाले’ अशी वर्दी नेटलिंक नामक सॉकेटवरून सोडतो, आणि पार्श्वभूमीत अहोरात्र तैनात असलेला यूडेव्ह हा कारकून ती नियमावलीशी ताडून उपकरणास परवानग्या व पर्यायी नावे बहाल करतो. २००३ साली ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी यूडेव्ह पुढे आणला, त्या काळी कर्नेल दर वर्दीमागे हॉटप्लग नामक एक नवा हस्तक जन्मास घालीत असे. असे अनेक हस्तक एकाच वेळी धावू लागले म्हणजे ‘काढले’ ही खबर ‘जोडले’ या खबरेच्या आधी पोचण्याची आपत्ती ओढवे, यास्तव वर्दीवर अनुक्रमांक घालण्याची तजवीज झाली. मला कौतुक वाटते ते कर्नेलच्या निर्विकारपणाचे (कित्येक साहेबांनी तो शिकावा, अथवा शिकू नये): कारकुनाची टपालपेटी तुंबली तरी तो खोळंबत नाही, नवी वर्दी खुशाल टाकून देतो, आणि पुढील वाचनाच्या वेळी ‘एनोबफ्स’ हा त्रुटिसंकेत तेवढा हाती ठेवतो, मग गहाळ कागदाचा शोक न करता कर्नेलच्या सिसएफएस नामक दफ्तरातून सर्व उपकरणांची हजेरी नव्याने घेणे, एवढेच कारकुनाच्या हाती उरते.