लॉग: भरपूर नव्हे, सापडेल असा

सर्व्हरवरच्या अ‍ॅप्लिकेशनचा लॉग लावताना ‘डिबग चालूच ठेवा, सगळे लिहू द्या, डिस्क स्वस्त आहे’ असे सर्रास सांगितले जाते. बिघाडाच्या वेळी हवा तो तपशील नसला तर शोध खुंटतो, एवढे त्यात खरे आहे. बाकीचे टिकत नाही. सिस्लॉग या प्रमाणित लॉग-पद्धतीच्या नोंदी पोर्ट ५१४ वर यूडीपीने जात असतील तर त्यांची पोच मिळत नाही. ओघ वाढला की पाकिटे गळतात, आणि गळालेले पाकीट डिबगचे की एररचे, हे नेटवर्क पाहत नाही. सगळे लिहिण्याच्या हट्टापायी नेमकी गर्दीच्या क्षणाची नोंद हरवते. त्र्यंबकेश्वरात सिंहस्थ कुंभमेळ्याचे पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ रोजी आहे. तिथल्या सेवांच्या सर्व्हरवर असा क्षण तारीख सांगून येणार आहे.

नोंद कशी ठेवावी, याचा वस्तुपाठही त्याच गावात आहे. तीर्थपुरोहितांच्या नामावळीत आडनाव आणि मूळ गाव सांगितले की पूर्वजांचे पान उघडते. यात्रेकरूने कुशावर्त कुंडावर काय काय केले याचे बारीकसारीक वर्णन तिथे नसते. कोण, कुठला, केव्हा आला, हे मुख्यतः असते. पिढ्यांनंतरही ती वही उपयोगी पडते ती या निवडीमुळे.

सिस्लॉगकडे ही निवड करण्याची साधने आहेत. तीव्रतेच्या पातळ्या आठ: ० म्हणजे इमर्जन्सी, ७ म्हणजे डिबग. अ‍ॅप्लिकेशनला लोकल-० सारखे स्वतंत्र खाते (फॅसिलिटी) दिले की त्याच्या नोंदी वेगळ्या फाइलीत वळवता येतात. रोजच्या वापराला इन्फो पातळी पुरते. डिबग संशयित भागापुरते, ठरावीक वेळ चालू करावे. डिबगच्या ओळींत भाविकांची नावे आणि फोन नंबर सहज उतरतात, हा धोका तर कोणत्याही स्वस्त डिस्कने भरून निघत नाही.

वेळेचा साचा त्याहून महत्त्वाचा. २००१ च्या आरएफसी ३१६४ मधल्या वेळेत वर्ष नाही, कालविभागही नाही. २००९ च्या आरएफसी ५४२४ मध्ये दोन्ही आहेत. सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपावे लागतात आणि घड्याळे एनआयसी किंवा एनपीएलच्या वेळेशी जुळवावी लागतात. दोन सर्व्हरांची घड्याळे मिनिटभर वेगळी असली, तर आधी काय बिघडले हे कितीही ओळी वाचून ठरत नाही.

नोंदी अ‍ॅप्लिकेशनच्याच यंत्रावर ठेवणेही चूक, कारण यंत्र गेले की साक्षही जाते. त्या टीएलएसने पोर्ट ६५१४ वर दुसऱ्या सर्व्हरकडे पाठवाव्यात, आणि तो बंद पडल्यास अ‍ॅप्लिकेशन अडून राहू नये म्हणून आरसिस्लॉग या लॉग-सेवेची रांग डिस्कवर ठेवावी.