अंगणी विष्णुक्रांता असावी

चरकसंहितेतील चार मेध्य रसायनांत शंखपुष्पीची गणना आहे. तथापि या एकाच नावाखाली प्रांतोप्रांती निरनिराळ्या वनस्पती वापरल्या जातात. भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियाने कॉन्व्हॉल्व्ह्युलस प्लुरिकॉलिस स्वीकारली आहे. केरळात गोकर्ण घेतात, तर कित्येक ठिकाणी विष्णुक्रांता. वाळलेली भरड हाती आल्यावर यांतील भेद नुसत्या नजरेने ओळखणे कठीण. म्हणूनच आमचे मत असे की, प्रत्येक वैद्याने निदान विष्णुक्रांता तरी स्वतः लावून पाहावी.

ही आपल्या माळरानावरची बहुवर्षायू वनस्पती. तिच्या बारीक, लोमश फांद्या जमिनीलगत पसरतात. इवली निळी फुले सकाळी उमलतात आणि दुपारपर्यंत मिटतात. कॉन्व्हॉल्व्ह्युलसची फुले बहुधा पांढरी वा फिकट गुलाबी असतात, हा भेद ताज्या झाडावर सहज दिसतो. मुरूममिश्रित, निचऱ्याची माती, भरपूर ऊन व बेताचे पाणी एवढे तिला पुरते. माळावरील झाड मुळासकट उपटू नये. पक्व बी आणून पेरावे. रोपवाटिकांत शोभेसाठी मिळणारी, मोठ्या निळ्या फुलांची एव्हॉल्व्ह्युलस ही दक्षिण अमेरिकेतील निराळी जाती होय. तिला विष्णुक्रांता समजू नये.

एका कुंडीने संदिग्ध द्रव्याचा निर्णय होणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु रुग्णास लिहून दिलेली वनस्पती आपणांसच ओळखता येऊ नये, ही उणीव व्यापाऱ्याची नव्हे, आपली आहे.